मुस्लिम स्नेह्यांच्या घरच्या लग्नाला जाताना पाहुण्यांनी काय नेसावे, काय घालावे? (नागपूर)

मोगरा

नमस्कार. माझ्या यजमानांच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मुलीचे लग्न येत्या जानेवारीत नागपुरातच आहे. हे कुटुंब जाफरनगरला राहते आणि आमचा त्यांच्याशी जुना घरोबा आहे. परंतु दुपारी चहाला जाऊन बसणे निराळे आणि लग्नात त्यांच्या शेकडो नातेवाइकांमध्ये वावरणे निराळे, म्हणून हा धागा काढते आहे.

पत्रिकेवर चार कार्यक्रम आहेत. गुरुवारी रात्री घरी मेहंदी, शुक्रवारी असरच्या (दुपार उलटल्यावरच्या) नमाजनंतर मोहल्ल्यातील मशिदीत निकाह, त्याच संध्याकाळी मानकापूरकडच्या एका लॉनवर जेवण आणि रुखसती (नवरीची पाठवणी), आणि रविवारी मुलाकडच्यांचा वलीमा (मेजवानी). मी, यजमान, सोळा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे आम्ही जाणार आहोत. सासूबाई नऊवारीशिवाय दुसरे काही नेसत नाहीत. मुलीने हौसेने लेहेंगा घेतला आहे, पण त्याची चोळी आखूड आहे. माझ्याकडे एक पैठणी, एक लाल बनारसी आणि एक काळी चंदेरी आहे, मात्र दोन ब्लाउज बिनबाह्यांचे आहेत.

मैत्रिणींचे सल्ले एकमेकींना छेद देणारे आहेत. एक म्हणते काळे नेसू नकोस, दुसरी म्हणते हिरवे नेस म्हणजे त्यांना बरे वाटेल, तिसरीने तर कुंकू आणि मंगळसूत्र दिसणार नाही असे बघ म्हणून सांगितले, जे मला अजिबात पटलेले नाही. ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

इतवारीकर

गांधीबागेत कापडाच्या व्यापारात आयुष्य गेले, आणि आमच्याकडची लग्नाची बरीचशी गिऱ्हाइकी मोमिनपुरा, हसनबाग, टेका आणि कामठी येथील घरांची होती. तेव्हा दुकानाच्या गादीवरून जे दिसले ते लिहितो.

आपल्याकडच्या पाहुण्यांचे चुकते ते बहुधा उलट बाजूने. 'मुस्लिम लग्न आहे, तेव्हा साधेच जावे' असे ठरवून बायका फिकट सुती कुर्ता घालून जातात आणि तेथे पोहोचल्यावर अवघडून बसतात. बाहेरून काळ्या बुरख्यांत आलेल्या स्त्रिया बायकांच्या दालनात शिरताच बुरखे उतरवून ठेवतात, आणि आत जरदोजी, गोटा, कुंदन, ब्रोकेड यांचा जो थाट असतो, तो आपल्या कोणत्याही मंगल कार्यालयातल्या थाटाला मागे टाकील. लग्नाचा जोडा निवडायला आलेली माणसे सकाळी दुकानात बसत ती जेवणाची वेळ टळून गेली तरी उठत नसत. अशा घरच्या कार्याला आपण कार्यालयात जायचे कपडे घालून गेलो, तर 'यांनी आमचे कार्य मनावर घेतले नाही' असेच त्यांना वाटणार. म्हणून अंग नीट झाकावे, पण लग्नाला शोभेल असे नटून जावे. बाकीचे सगळे तपशील या एका गोष्टीतून निघतात.

आता कापडाविषयी. जॉर्जेट, शिफॉन आणि नेट यांचा त्रास रंगामुळे होत नाही, तर अस्तरामुळे होतो. नेटच्या बाह्या आणि नेटची पाठ असलेला ब्लाउज कागदोपत्री पूर्ण बाह्यांचा असतो, प्रत्यक्षात काहीच झाकत नाही. अस्तर लावून घेतले की प्रश्न मिटतो. पदर एकेरी सोडण्याऐवजी निऱ्या घालून खांद्याला पिन लावली आणि दुसरी पिन कमरेशी लावली, तर पोट झाकलेले राहते आणि उठता-बसता पदर सावरत बसावे लागत नाही. आपल्या विदर्भातली करवत काठीची टसर साडी अशा प्रसंगाला फार चांगली दिसते, असे माझे मत आहे. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेल्या या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. टसर झिरझिरीत नसते, आणि बनारसीच्या गर्दीत ती वेगळी उठून दिसते.

कामठीची आपा

मी कामठीची, शाळेत मराठी शिकवते, आणि दर हंगामात घरातली किंवा शेजारची दोन-चार लग्ने अंगावर घेतलेली असतात. मोगराताई, आपल्या प्रश्नांना जमेल तसे उत्तर देते.

कुंकू, टिकली, मंगळसूत्र, हिरवा चुडा यांतले काहीही झाकू नका. आपण कोण आहात हे लग्नघरच्यांना ठाऊक आहे आणि म्हणूनच त्यांनी बोलावले आहे. काळ्या मण्यांचे म्हणाल, तर दखनी मुस्लिम घरांत लग्न झालेल्या स्त्रिया काळ्या पोतीचा लच्छा घालतात, तेव्हा आपले मंगळसूत्र पाहून आमच्याकडची एखादी आजी त्याची घडण न्याहाळत बसेल, एवढेच होईल.

रंगांबाबत धर्माचा असा काही नियम पाहुण्यांवर नाही. हिरवे नेसून गेलात म्हणून कोणी विशेष खूश होणार नाही आणि भगवे नेसलात म्हणून कोणी रागावणार नाही. लाल रंग मात्र नवरीचा मानला जातो. हल्ली नवऱ्या फिकट गुलाबी, पिस्ता, शेवाळी असेही जोडे घालतात, काही घरांत निकाहाचा जोडा मुलाकडून येतो आणि तो मुलाकडच्यांच्या पसंतीचा असतो. तेव्हा नवरीच्या आईला किंवा बहिणीला दूरध्वनी करून 'दुल्हनचा जोडा कोणत्या रंगाचा आहे?' असे विचारून घ्या. हा प्रश्न आमच्याकडे कोणालाही आगाऊ वाटत नाही, उलट त्यावर अर्धा तास बोलणे होते. लाल बनारसी वलीम्यासाठी राखून ठेवा, कारण तेथे बहुधा नवरी दुसऱ्याच रंगात असते.

काळ्या चंदेरीबद्दल थोडे थांबून सांगते. सुन्नी घरांत काळा रंग अशुभ मानत नाहीत. काळ्यावर सोनेरी काम असलेले कपडे आमच्या मुली आवडीने घालतात. शिया घरांत मात्र काळा हा मोहरमच्या शोकाचा रंग आहे, त्यामुळे त्यांच्या लग्नाला तो टाळावा. लग्नघरची मंडळी कोणत्या पंथाची आहेत हे ठाऊक नसेल, तर जुना घरोबा असूनही ते विचारायला संकोच वाटेल, म्हणून काळी साडी घरीच ठेवा. आपल्याकडे तीन साड्या आहेत, त्यामुळे अडचण नाही.

डोके झाकण्याविषयी आपण विचारले नाही, पण ते विचारायला हवे होते. संपूर्ण वेळ डोक्यावर पदर ठेवण्याची अपेक्षा बिगरमुस्लिम पाहुणीकडून कोणी करीत नाही. अजान सुरू झाली, कुराणाचे पठण चालू असले, निकाहाचा खुतबा (काझींचे प्रवचन) लाऊडस्पीकरवरून ऐकू येऊ लागला किंवा शेवटी दुआ मागितली जाऊ लागली, की आजूबाजूच्या सगळ्या स्त्रिया पदर-दुपट्टा डोक्यावर ओढतात. त्यांच्याबरोबर आपणही ओढावा आणि दुआ संपली की खाली घ्यावा. एवढ्यासाठी दोन्ही खांद्यांवर घट्ट पिना मारून टाकू नका, नाहीतर ऐनवेळी पदर वर येत नाही. मोठा अंबाडा आणि त्यावर जाड गजरा असला तर पदर घसरत राहतो. गजरा जरूर माळा, पण वेणीवर किंवा खाली बांधलेल्या अंबाड्यावर.

स्पष्टोक्ती

चर्चा वाचून एक प्रश्न पडला. पाहुण्याने आपल्या नेहमीच्या कपड्यांत का जाऊ नये? आपल्या लग्नात आलेल्या मुस्लिम पाहुण्यांना आपण बाहीची लांबी मोजून बोलावतो काय? त्यांच्या रीतीप्रमाणे आपणच का बदलायचे?

सक्करदरा

स्पष्टोक्ती, बाहीची लांबी कोणीच मोजणार नाही, आणि आपण बिनबाह्यांचा ब्लाउज घालून गेलात तरी जेवायला वाढतीलच. प्रश्न परवानगीचा नाही. धागाकर्तीला तेथे चार तास मोकळेपणाने बसता यावे, यासाठी ही विचारपूस चालली आहे.

शिवाय हे नागपूरकरांना नवे नाही. मोठ्या ताजबागेत बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यावर जाणारे हिंदू पुरुष खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधतात आणि बायका पदर घेतात. हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. बाबांना तर राजे रघुजीराव भोसले यांनी सक्करदऱ्यातील आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवून घेतले होते, आणि 1925 साली ते वारल्यापासून उरुसाला सर्व जातिधर्मांचे लोक येतात. उरुसात जे सहज होते ते लग्नात 'बदलणे' का वाटावे, हे मला कळत नाही.

आणि आपल्या लग्नांत आलेले मुस्लिम स्नेही अक्षता टाकताना पादत्राणे काढतात, ओटी भरून घ्यायची वेळ आली तर हसून घेतात, हेही आपण पाहिलेलेच आहे.

स्पष्टोक्ती

ठीक आहे. मुद्दा मांडायचा होता, मांडला. मात्र एक गोष्ट खरी की काही जण उत्साहाच्या भरात दुसऱ्या टोकाला जातात. माझ्या एका परिचितांनी अशा लग्नाला जाताना शेरवानी आणि जाळीची टोपी घातली आणि दिवसभर लोक त्यांना नवऱ्याचे मामा समजून सलाम करीत होते.

कामठीची आपा

हे अगदी बरोबर लिहिलेत. शेरवानी नवऱ्याला आणि त्याच्या सख्ख्या भावांना सोडून द्यावी. तसेच एखादी पाहुणी हिजाब बांधून आली तर आम्हालाच अवघडल्यासारखे होते, कारण तिच्याकडून ती अपेक्षा नव्हती आणि आता तिचे कौतुक करावे की नको हे कळत नाही. आपण जसे आहात तसे या, फक्त झाकून या.

मोगरा

सर्वांचे आभार. आता यजमानांविषयी विचारते. निकाह मशिदीत आहे. पत्रिकेत पुरुषांना तेथेच बोलावले आहे आणि स्त्रियांसाठी थेट लॉनचा पत्ता दिला आहे. मशिदीत जाताना त्यांनी काय घालावे? त्यांचा सूट-टाय घालण्याचा विचार आहे. आणि मुलाला त्यांच्याबरोबर पाठवू की माझ्याबरोबर ठेवू?

इतवारीकर

सूट चालतो, नाही असे नाही, पण मशिदीत जमिनीवर बसावे लागते. अंगाला चिकटलेली पँट घालून मांडी घालणे हे पन्नाशीच्या माणसाला किती जड जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. सैल पायजमा-कुर्ता आणि वर बंडी, किंवा जोधपुरी बंदगळा आणि सैल शिवलेली पँट, हे उत्तम. जानेवारीत संध्याकाळी बंदगळ्याची ऊबही उपयोगी पडते. कुर्ता सिल्कचा असला तरी हरकत नाही. शुद्ध रेशीम आणि सोने मुस्लिम पुरुषांना वर्ज्य आहे, पाहुण्यांवर ते बंधन नाही. गळ्यातली सोन्याची साखळी मात्र कुर्त्याच्या आत राहू द्यावी असे मी सांगेन. त्याच कारणाने नवऱ्यामुलाला आहेरात सोन्याची अंगठी किंवा शुद्ध रेशमाचा कुर्ता देऊ नये. देणाऱ्याने दिला आणि घेणाऱ्याला वापरता आला नाही, असे होते.

मशिदीच्या दाराशी जोडे काढावे लागतात. पायमोजे धुतलेले आणि न फाटलेले असावेत, हे लिहायची वेळ येऊ नये, पण लिहितो. नाड्यांचे बूट नकोत. बाहेर पडताना एकाच वेळी सगळी गर्दी जोडे शोधत असते, तेव्हा मोजडी किंवा चपला बऱ्या. डोक्यासाठी घडी केलेला मोठा पांढरा रुमाल खिशात ठेवावा. पुष्कळ मशिदींत दाराशी टोप्या ठेवलेल्या असतात, पण आपला रुमाल आपल्याजवळ असलेला बरा.

मुलाला जरूर वडिलांबरोबर पाठवा. मात्र त्याला अर्धी चड्डी घालू नका, आणि छातीवर मोठे चेहरे किंवा प्राणी छापलेला टी-शर्टही नको. पुरुषाने बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचे अंग झाकलेले असावे असा त्यांच्याकडे नियम आहे, आणि नमाज पढणाऱ्याच्या समोर चित्रे येऊ नयेत असेही पाळतात. साधा कुर्ता-पायजमा घातला की दोन्ही गोष्टी साधतात. मुलाला निकाहानंतर छुहारे (खारका) वाटतात ते मिळतील, म्हणून तो तक्रार करणार नाही.

सक्करदरा

एक भर घालतो. पाहुण्यांनी नमाजमध्ये उभे राहायचे नसते. असरची जमात (सामूहिक नमाज) संपली की निकाहाला सुरुवात होते, तोपर्यंत मागच्या बाजूला किंवा बाहेरच्या ओसरीत शांत बसावे. जानेवारीत नागपुरात असरची जमात साधारण पाचच्या सुमारास होते आणि सूर्य सहाच्या आत मावळतो. निकाह स्वतः फार वेळ घेत नाही: काझीसाहेब साक्षीदारांसमोर मेहरची (नवऱ्याने नवरीला द्यायची) रक्कम सांगतात, नवरीची संमती तिच्या वकिलामार्फत (तिच्या वतीने बोलणाऱ्यामार्फत) आधीच आलेली असते, नवरा कुबूल म्हणतो, खुतबा आणि दुआ होते आणि सगळे गळाभेटी घेऊ लागतात. गळाभेटीच्या वेळी छातीवर ब्रोच, पेन, चष्मा असे काही अडकवलेले नसावे.

या गळाभेटींत अत्तरही लावले जाते. ते तेलकट असते. कोणी कुपी पुढे केली की मनगटाची मागची बाजू पुढे करावी आणि नंतर ती रेशमी कुर्त्याला पुसू नये. रेशमावरचा अत्तराचा डाग मी कोणत्याही धोब्याकडून निघालेला पाहिलेला नाही. मोगराताई, बायकांकडेही गुलाबपाणी शिंपडतात, पैठणी सांभाळा.

शिलाईकाम

मी धंतोलीला शिवणकाम करते. लेहेंग्याच्या आखूड चोळीसाठी नवीन चोळी शिवायची गरज नाही. चोळीच्या खालच्या काठाला त्याच रंगाची आठ-नऊ इंचांची पट्टी, खाली लेस लावून, जोडून देता येते. लेहेंग्याच्या आतल्या घेरातून पुष्कळदा तेवढे कापड निघते. ते जमत नसेल तर दुपट्टा गुजराती पद्धतीने पुढे घेऊन त्याचे टोक कमरेला पिनेने अडकवा. पाठीला मोठा कट आणि नाड्या असतील तर आतून त्याच रंगाचे अस्तर लावून घ्यावे. मुलींना हे सांगितले की त्या नाक मुरडतात, पण लॉनवरची जानेवारीची थंडी लागली की पाठ झाकल्याचे त्यांना वाईट वाटत नाही.

बिनबाह्यांच्या ब्लाउजना बाह्या लावायच्या असतील तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत शिंप्याकडे द्या. काखेच्या शिवणीत कापड सोडलेले आहे का ते आधी उलटून पाहा. सोडलेले नसेल तर काठाचे कापड वेगळे घेऊन कोपरापर्यंतच्या बाह्या लावता येतात आणि त्या मुद्दाम शिवल्यासारख्या दिसतात.

उंच टाचांविषयीही सांगते. लॉनच्या हिरवळीत टोकदार टाच रुतते, आणि दस्तरखानावर (जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या कापडाशी) बसायचे असेल तर चपला काढाव्याच लागतात. टाच काढल्यावर साडी जमिनीला घासू लागते, म्हणून नेसताना सपाट चपलांच्या उंचीने नेसा.

शहीद चौक

येथे सर्व चर्चा सुन्नी लग्नाची चालली आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. आमचे शेजारी दाऊदी बोहरा आहेत आणि त्यांच्याकडच्या लग्नाला आम्ही नेहमी जातो. बोहरा स्त्रिया रिदा घालतात. हा दोन भागांचा, रंगीत, लेस आणि भरतकाम केलेला पोशाख असतो. पुरुष पांढरा साया-कुर्ता आणि सोनेरी काठाची पांढरी टोपी घालतात. त्यामुळे तेथे गर्दीत आपण बाहेरचे आहोत हे लगेच कळते, आणि कळले तरी काही बिघडत नाही.

जेवण मोठ्या थाळात असते, साधारण आठ जण त्याभोवती जमिनीवर बसतात, चिमूटभर मिठाने सुरुवात होते आणि जेवताना डोके झाकलेले असावे अशी रीत आहे. पुरुषांनी टोपी नसेल तर रुमाल, बायकांनी पदर घ्यावा. थाळात सर्वांचे हात जातात, म्हणून लोंबणाऱ्या बाह्या, हातभर खणखणणाऱ्या बांगड्या आणि पुढे सोडलेला पदर आवरून बसावे लागते. घोळदार बाह्यांचा ड्रेस घालून गेलेल्या माझ्या बहिणीला शेजारच्या आजींनी न विचारता स्वतःच्या हाताने बाह्या दुमडून दिल्या होत्या.

मोगरा

हे फारच उपयोगी आहे. लग्नघरी टेबल-खुर्च्या आहेत की दस्तरखान, हे विचारून घेईन, कारण सासूबाईंचे गुडघे दुखतात. मेहंदीच्या रात्रीविषयी कोणी लिहिले नाही. आणि पैठणीच्या पदरावर मोर आहेत, ते चालतील ना? चित्रांचा उल्लेख वाचून शंका आली.

कामठीची आपा

मोर खुशाल येऊ द्या. चित्रांचा विचार नमाजच्या जागेपुरता आहे, लॉनवर तो लागू होत नाही, आणि आमच्या स्वतःच्या बनारसीवरही पक्षी असतात. देवदेवतांची चित्रे असलेली कलमकारी साडी मात्र मी नेसू नका असे सांगेन, आणि तेही आपल्यासाठीच. जमिनीवर बसून, शेजारी कोरम्याचा वाडगा ठेवून जेवताना पदरावरचा गणपती सांभाळत बसणे आपल्यालाच जड जाईल.

मेहंदीची रात्र सगळ्यांत मोकळी असते. बहुतेक घरी ती फक्त बायकांची असते, ढोलकी येते, गाणी होतात, काही घरांत रतजगा करून (रात्रभर जागून) गुलगुले तळतात. पिवळा, हिरवा, केशरी असे रंग चालतात. उबटन लावायचा कार्यक्रम त्यातच असेल तर नवरीला लावून झाल्यावर मुली एकमेकींच्या तोंडाला फासतात, आणि पाहुणी म्हणून आपल्याला कोणी सोडणार नाही. हळदीचा आणि तेलाचा डाग जाणार नाही हे धरून चला. मुलीला लेहेंगा त्या रात्री अजिबात घालू देऊ नका. धुता येईल असा सुती पंजाबी ड्रेस आणि जुनी ओढणी पुरे. आपणही सुती साडीच नेसा, आणि बाह्या कोपरापर्यंतच असू द्या, कारण मेहंदी काढणारी हाताला बसली की वर-वर सरकत जाते.

एक सावधगिरी. काही घराण्यांत हळद, गाणी, वाजंत्री हे धर्माला धरून नाही असे मानतात आणि तेथे मेहंदीची रात्र म्हणजे बायकांनी जमून जेवणे इतकेच असते. आपल्या पत्रिकेत मेहंदीचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे, त्यावरून येथे गाणे-बजावणे असेल असे वाटते, तरी विचारून घ्या.

आता सासूबाईंचे. त्यांना नऊवारीच नेसू द्या आणि त्यात काहीही बदल करू नका. कामठीचे मोमीन पिढीजात विणकर आहेत आणि आमच्या आजोबांच्या पिढीत मागावर निघत असे ती बरीचशी लुगडीच. कोष्ट्यांच्या घरी आणि आमच्या घरी एकच माल निघत असे आणि तो विदर्भातल्या खेड्यापाड्यांत जात असे. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका तुमच्या सासूबाईंच्या लुगड्याचा काठ बोटांनी चाचपून सूत कोणत्या नंबरचे आहे ते सांगतील. त्यांना त्या रात्री एकटे वाटणार नाही याची मी हमी देते. थंडीसाठी मात्र त्यांच्याबरोबर शाल द्या, तीच डोक्यावर घेता येते.

स्पष्टोक्ती

आपा, वलीम्याचे सांगायचे राहिले.

कामठीची आपा

वलीमा ही मुलाकडची मेजवानी, त्यात विधी असा नसतो. आपल्याकडच्या स्वागत समारंभासारखेच समजा. तेथे लाल बनारसी, सूट, टाय, हवे ते चालेल. मुलीच्या बाजूच्या निवडक माणसांनाच वलीम्याला बोलावतात, तेव्हा मोगराताईंच्या घराला आमंत्रण आले हा मान समजावा आणि सगळ्यांत भारी साडी त्या दिवशी काढावी.

सक्करदरा

स्त्री-पुरुषांची बसण्याची व्यवस्था वेगळी असल्यास नवरा-बायको तीन-चार तास एकमेकांना भेटत नाहीत, हे लक्षात ठेवा. गाडीची किल्ली, सासूबाईंच्या गोळ्या, सेफ्टी पिना, मुलाचा स्वेटर आणि आहेराचा लिफाफा कोणाकडे असेल हे घरून निघतानाच ठरवा. कुर्त्याला खिसा शिवलेला आहे का तेही पाहा. तयार कुर्त्यांना एकाच बाजूला खिसा असतो आणि त्यात रुमाल, भ्रमणध्वनी आणि किल्ली मावत नाही.

मोगरा

तर असे ठरले आहे. मेहंदीला मी सुती इंदुरी साडी आणि मुलीला जुना पंजाबी ड्रेस. शुक्रवारी यजमान आणि मुलगा कुर्ता-पायजमा व बंडी घालून मशिदीत जातील. मी पैठणी नेसेन, तिच्या ब्लाउजला कोपरापर्यंतच्या बाह्या लावायला कालच दिल्या. लेहेंग्याच्या चोळीला पट्टी जोडायचे मुलीने मान्य केले आहे, मात्र लेस तीच निवडणार या अटीवर. वलीम्याला लाल बनारसी. नवरीच्या आईंना दूरध्वनी केला होता. निकाहाचा जोडा पिस्ता रंगाचा आहे आणि तो हैदराबादहून आला आहे. जेवण दस्तरखानावर आहे, पण ज्येष्ठांसाठी खुर्च्या असतील असे त्या म्हणाल्या. माझी काळी चंदेरी कपाटातच राहील.

सासूबाईंनी आज ट्रंकेतून एक जुने लुगडे काढले. ते त्यांच्या आईने कामठीच्या बाजारातून घेतलेले होते, असे त्या म्हणतात. काठ थोडा विरला आहे. ते नेसवावे की नवे घ्यावे?

इतवारीकर

काठ विरला असेल तर नेसताना ताण पडून तो फाटेल. नऊवारीला कासोट्याच्या जागी सर्वाधिक ओढ बसते. लुगडे उजेडात धरून पाहा; विरलेला भाग पदराच्या टोकाला असेल तर आतून मलमलची पट्टी बारीक टाक्यांनी जोडून घ्या आणि नेसवा. मधल्या भागात विरले असेल तर नेसवू नका, सोबत घेऊन जा आणि आपांनी सांगितलेल्या म्हाताऱ्या बायकांना दाखवा. नवे घ्यायचे असल्यास इतवारीत घ्या आणि नेसवण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढा, कारण कोऱ्या कापडाची खळ गेली नाही तर निऱ्या बसत नाहीत.